गाडी दिवसभर अडकवली नव्हती साहेब, मधले अडीच तास ती तुमच्याकडेच होती

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. घरच्यांना घेऊन ताटकळावं लागलं आणि कुंभार्ली घाट अंधारात चढावा लागला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आमच्याकडे बसायला धड जागा नाही हेही खरं आहे.

पण "सकाळी 11 ला दिलेली गाडी संध्याकाळी 6 ला मिळाली, एक वायर घासायचे 850 रुपये घेतले, वर लाइट अजून लुकलुकतेच" असं तुम्ही लिहिलंत, त्यातलं वेळेचं मला फार लागलं. मागची डावी लाइट लुकलुकते म्हणून गाडी 11 ला आली, बरोबर. 1 वाजता तुम्ही म्हणालात, परशुरामला दर्शन घेतो, जेवून येतो. तेव्हा डिकीचं अस्तर निघालेलं होतं आणि डावा टेललॅम्प वायरीला लोंबत होता. मी म्हटलं, रिक्षा बोलावतो. तुम्ही म्हणालात, पाऊस आहे, मुलं आहेत, गाडीच द्या. मुलांचं नाव काढल्यावर मी काय बोलणार? पोराने लॅम्प तात्पुरता बसवला, कपलर म्हणजे वायरींचा प्लग लावला आणि गाडी दिली. तुम्ही आलात साडेतीनला. दोन्ही वेळा रजिस्टरला आहेत, दुसरी तर तुमच्यासमोरच लिहिली. आल्यावर सगळं पुन्हा उघडावं लागलं. तोवर तुमची जागा मी रिकामी ठेवली होती. गणपतीआधीचा शनिवार, बाहेर रस्त्यापर्यंत गाड्या उभ्या, तरी दुसरी गाडी आत घेतली नाही. ते अडीच तास माझ्या नावावर का लावलेत?

उरलेल्या वेळात काय झालं तेही सांगतो, कारण रिव्ह्यूत त्यातलं काहीच नाही. येतानाच तुम्ही म्हणाला होतात की आधीच्या गॅरेजवाल्याने अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, गेलाय असं सांगितलंय, तोच बदलून टाका. मी मुकाट्याने बदलला असता तर तुम्ही लवकर मोकळे झाला असतात, बिल हजारांत गेलं असतं आणि लाइट घाटात पुन्हा तशीच लुकलुकली असती. चार्जिंगचा दोष असला की गाडीतल्या सगळ्याच लाइट रेसबरोबर कमीजास्त होतात. तुमची फक्त मागची डावी बाजू नाचत होती. तरी तुमची खात्री व्हावी म्हणून बॅटरीला मीटर लावून दाखवलं. इंजिन बंद असताना 12.5 व्होल्ट, इंजिन चालू करून हेडलाइट आणि एसी लावल्यावर 14.1. म्हणजे चार्जिंग ठणठणीत.

मग तुमच्या मोठ्या मुलाला ब्रेक दाबायला बसवलं. ब्रेक दाबला की पार्किंग लाइट मंद व्हायची, आणि इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर ब्रेकलाइटही फडफडायची. हे अर्थिंगचं लक्षण. लॅम्पमधल्या सगळ्या बल्बना परतीची, म्हणजे अर्थची, वायर एकच असते. ती नीट धरत नसली की करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो, म्हणून एक लावलं की दुसरं हलतं. ब्रेक दाबून होल्डरच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं तर मीटर 2 व्होल्टच्या वर. तिथे 0.2 च्या आत यायला हवं.

वेळ खाल्ला तो दोषाच्या लपाछपीने. गाडी उभी राहिली की लाइट एकदम सरळ, डिकी आपटली की पुन्हा सुरू. होल्डर, कपलर, फ्यूजबॉक्स एकेक करून बाजूला काढावं लागलं. 22 जुलै 2021 च्या पुरात बुडालेल्या गाड्यांच्या वायरिंगवर आम्ही नंतर महिनोन्महिने काम केलंय, त्यामुळे संशय अर्थिंगवर होताच, पण ती वायर पत्र्याला जोडलेली असते तो पॉइंट हाताला लागेपर्यंत शोधावाच लागतो. शेवटी अस्तराच्या मागे, चाकाच्या कमानीवर तो सापडला. बोल्ट बोटांनी फिरत होता आणि थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, हिरव्या गंजाने अर्धं खाल्लेलं. टेललॅम्पचं रबर कडक होऊन फाटलं होतं, तिथून पावसाचं पाणी झिरपत होतं. वायर मागे कापून नवीन थिंबल दाबलं, पत्रा घासून चकचकीत केला, वर ग्रीस लावलं, रबर बदललं, ब्रेक आणि पार्किंगचा 21/5 वॉटचा नवा बल्ब टाकला. त्यानंतर मीटर 0.1 च्याही खाली. या सगळ्याचे मजुरीसकट 850. बिलावर एकेक वस्तू लिहिलेली आहे, वायर घासण्याचे पैसे कुठेच नाहीत.

आता व्हिडिओ. तुम्ही टाकलेला व्हिडिओ टेललॅम्पचा नाही, पुढच्या एलईडी पट्टीचा आहे. रात्री ती पट्टी मंद ठेवायला गाडी तिला सेकंदाला शंभराहून जास्त वेळा चालू-बंद करते. डोळ्याला ती सरळ दिसते, मोबाइलचा कॅमेरा ती उघडझाप पकडतो. फोन बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहा. शोरूममधून निघालेल्या कित्येक गाड्यांचं रेकॉर्डिंगही असंच येतं. डोळ्यालाही लुकलुकताना दिसली तर गाडी घेऊन या, तपासायचे पैसे घेणार नाही.

हायवेवरून येणारा माणूस हल्ली आधी फोनवर स्टार बघतो, मग गाडी वळवतो. "गाडी अडकवतात" हे वाचून तो पुढे निघून जातो. माझ्याकडे दोन पोरं कामाला आहेत, त्यांची घरं याच धंद्यावर चालतात. बसायच्या जागेचं आणि गिऱ्हाइकाला फोनवर कळवत राहण्याचं आम्ही नक्की बघतोय. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, पण 1 ते साडेतीन गाडी तुमच्याकडे होती, एवढं तरी रिव्ह्यूत लिहा ही विनंती. आणि पुढच्या पावसाआधी उजव्या टेललॅम्पचं रबरही बदलून घ्या, तेही कडक झालंय. त्या दिवशी घाईत तुम्ही राहू द्या म्हणालात.

आपला,
गॅरेजमालक, चिपळूण