अल्बम स्वस्त केल्याने पायरसी थांबली असती?

‘गाणी महाग होती म्हणून लोकांनी ती फुकट डाउनलोड केली. कंपन्यांनी अल्बम वेळेवर स्वस्त केले असते, तर पायरसी झालीच नसती.’ संगीताच्या धंद्याचा विषय निघाला की हे वाक्य कोणीतरी टाकतोच, आणि बाकीचे माना डोलावतात. त्याचं सर्वांत टोकाचं रूप २०१० साली ब्रिटनमध्ये ऐकू आलं. वॉर्नर म्युझिकच्या तिथल्या कंपनीचे माजी प्रमुख रॉब डिकिन्स यांनी सुचवलं की अल्बम सरळ एका पौंडाला विका. एवढ्याशा पैशांसाठी कोणी दोनदा विचार करणार नाही आणि फाइल-शेअरिंगचं, म्हणजे गाण्यांच्या फाइली इंटरनेटवरून एकमेकांना फुकट देण्याचं, कारणच उरणार नाही. आपल्याकडे हाच मुद्दा टी-सिरीजचा दाखला देऊन मांडला जातो: गुलशनकुमारांनी कॅसेट स्वस्त केली आणि बाजार फुलला, सीडीवाल्यांना मात्र ते सुचलं नाही.

यामागचा राग खोटा नाही. दुकानदाराने जाहिरातीत ठरावीक किमतीच्या खाली उतरू नये, उतरला तर जाहिरातीसाठीची मदत बंद, अशी पद्धत अमेरिकेतल्या पाच बड्या कंपन्यांनी लावली होती. २००० साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ती मोडायला लावली. आयोगाच्या अंदाजाने तीन वर्षांत ग्राहकांनी सुमारे ४८ कोटी डॉलर जादा मोजले होते. म्हणजे सीडी महाग होत्या आणि मुद्दाम महाग ठेवल्या होत्या. पण गिऱ्हाईक नागवलं जात होतं एवढ्यावरून, किंमत उतरवल्यावर ते परत आलं असतं, हे सिद्ध होत नाही.

आधी टी-सिरीज. ऐंशीच्या दशकात कॅसेट किराणा दुकानात, पानाच्या टपरीवर पोचली आणि एचएमव्हीची सद्दी संपली, हे खरं. पण त्या लढाईत समोर कोण होतं? नकली कॅसेट विकणारा. त्यालाही कोरी टेप विकत घ्यावी लागे, मशीन चालवावं लागे, माल वाहून न्यावा लागे. आपल्या आवडीची गाणी ‘भरून’ देणारा दुकानदारही पैसे घेईच. नकली मालालाही एक किंमत होती, तिच्या जवळपास जाता येत होतं, म्हणून स्वस्त अस्सल माल जिंकू शकला. २००७ साली मोझर बेअर या चकत्या बनवणाऱ्या कंपनीने सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्या तेव्हाही हिशोब तोच होता: स्पर्धा फुटपाथवरच्या चकतीशी. १९९९ मध्ये नॅप्स्टर ही फाइल-शेअरिंगची सेवा आली तेव्हा समोरची किंमत शून्य झाली. शून्याच्या जवळपास जाऊन धंदा कसा करायचा, हे टी-सिरीजच्या उदाहरणातून कळत नाही.

शिवाय ती स्वस्ताई आली कुठून, हेही कोणी विचारत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या एका सवलतीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली गेली. सोनू निगम रफींची गाणी गाऊ लागले ते त्याच लाटेत. मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क विकत घ्यायचा नसेल, तर कॅसेट स्वस्त पडणारच. त्यात १९८४ च्या दुरुस्तीने नकली मालाविरुद्धच्या शिक्षा कडक झाल्या, ते वेगळंच.

दुसरा मुद्दा: ‘मोठ्या कंपन्यांनी किंमत उतरवून पाहिलीच नाही.’ पाहिली होती. सप्टेंबर २००३ मध्ये युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीने अमेरिकेत आपल्या बहुतेक सीडींची छापील किंमत १२.९८ डॉलरवर आणली. आधी ती १८.९८ पर्यंत होती. घाऊक दरही सुमारे १२ डॉलरवरून ९.०९ वर आला. दुकानदार खूश झाले नाहीत, कारण त्याच वेळी जाहिरातीची मदत कापली गेली आणि त्यांचा नफाही आक्रसला. इतर बड्या कंपन्या मागून आल्या नाहीत. २००४ मध्ये अमेरिकेत अल्बमचा खप किंचित वाढला, पण त्याचं श्रेय निव्वळ किमतीला देता येत नाही: युनिव्हर्सलच्या घोषणेच्याच महिन्यात ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने फाइल-शेअरिंग करणाऱ्या २६१ जणांवर खटले भरले होते. २००५ मध्ये खप पुन्हा घसरला.

मग पॉप गायिका लेडी गागा? २०११ च्या मे महिन्यात तिचा नवा अल्बम ॲमेझॉनने ९९ सेंटला दिला. पहिल्या आठवड्यात ११ लाखांहून जास्त प्रती गेल्या, त्यातल्या चार लाखांहून अधिक या सवलतीतल्या. स्वस्तवाद्यांचं हे आवडतं उदाहरण. पण फरकाचा तोटा ॲमेझॉनने सोसला, कारण त्यांना आपल्या नव्या क्लाउड सेवेची जाहिरात करायची होती. दुसऱ्या आठवड्यात विक्री ८० टक्क्यांहून जास्त कोसळली. पुढे खपाच्या याद्या काढणाऱ्या बिलबोर्डने नियमच केला की नव्या अल्बमची किंमत पहिले चार आठवडे ३.४९ डॉलरपेक्षा कमी असेल, तर ती विक्री यादीत धरायची नाही.

सर्वांत बोलकी गोष्ट रेडिओहेड या ब्रिटिश बँडची. १० ऑक्टोबर २००७ ला त्यांनी ‘इन रेनबोज’ हा अल्बम स्वतःच्या साइटवर ठेवला आणि किंमत श्रोत्यांवर सोडली. शून्य टाकलं तरी चालत होतं. तरीही पहिल्याच दिवशी सुमारे चार लाख प्रती टॉरेंटवरून, म्हणजे फाइल-शेअरिंगच्या चोरवाटेने, उतरवल्या गेल्या. फुकट मिळणारी वस्तू लोकांनी चोरून घेतली! कारण साइटवर नाव-पत्ता भरा, रांगेत थांबा. टॉरेंटची वाट पायाखालची. इथे किमतीचा संबंध उरतोच कुठे?

आणि ‘लोकांना परवडत नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी आपल्याच गल्लीत पाहावं. ज्या काळात अख्खं गाणं फुकट फिरत होतं, त्याच काळात त्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा कॉलर ट्यून म्हणून लावायला लोक महिन्याला ३० रुपये भाडं आणि वर गाण्याचे १५ रुपये देत होते. (काहींच्या फोनवर ट्यून न विचारताच लागायची, हे मान्य.) तालुक्याच्या गावी रिचार्जच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळत, तीही पैसे मोजून. गाणी लोकगीतांची असोत की नव्या सिनेमांची, पैसा गिऱ्हाइकाच्या खिशातून निघत होता, फक्त गाणाऱ्या-वाजवणाऱ्यापर्यंत पोचत नव्हता. त्या दुकानदाराने स्वस्त अल्बम विकला नाही. त्याने शोधण्याची, निवडण्याची, कार्डात टाकून देण्याची कटकट संपवली. कंपन्यांच्या संघटनेला हे उशिरा का होईना कळलं आणि अशा दुकानांना परवाने देण्याची योजना आली.

एक पौंडाचं गणितही करून पाहू. तेव्हाचा १७.५ टक्के व्हॅट वजा केला की ८५ पेन्स. ऑनलाइन दुकानाचे ३० टक्के गेले की ६० पेन्स. त्यात कंपनी, गायक, गीतकार, संगीतकार, निर्माता. अल्बम आठ पौंडांना विकला जात असेल, तर आहे ती कमाई टिकवायलाच आठपट खप हवा. एखाद्या पॉप स्टारला तो कदाचित मिळेल. नव्या अभंगांचा किंवा भावगीतांचा अल्बम काढणाऱ्याने आठपट श्रोते कुठून आणायचे? स्टुडिओचं भाडं आणि वादकांची बिदागी तर तेवढीच राहते. स्वस्त अल्बमच्या या योजनेत सर्वांत आधी मरतो तो छोटा कलाकार, आणि हे सुचवणारे बहुधा बड्या कंपन्यांतून निवृत्त झालेले असतात.

किंमत निरर्थक आहे, असं मी म्हणत नाही. २००३ च्या एप्रिलमध्ये ॲपलने ९९ सेंटला सुटं गाणं द्यायला सुरुवात केली आणि पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. पण तिथे लोकांनी एका क्लिकवर हवं तेवढंच गाणं घेतलं. उरलेली नऊ गाणी गळ्यात मारून घ्यायची गरज राहिली नाही. स्वस्त अल्बमने ते साधलं नसतं.

आणि आता तर हा प्रयोग आपल्या हातातल्या फोनवर चालू आहे. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आलं तेव्हा कोट्यवधी गाण्यांच्या साठ्याचं महिन्याचं शुल्क ११९ रुपये होतं, म्हणजे एके काळच्या एका सीडीपेक्षाही कमी. तरी बहुतेक श्रोते जाहिराती सहन करत फुकटच ऐकतात, आणि काही जण यूट्यूबवरून एमपीथ्री काढून देणाऱ्या साइटवर जातात. ‘स्वस्त करा, चोरी थांबेल’ म्हणणाऱ्यांनी आता एवढंच सांगावं, की तेव्हाच्या ११९ च्याही खाली कुठपर्यंत जायचं?