वाडा गेला तर गेला, दार आपल्याकडे आहे ना!

पुण्याच्या पेठेत कुठला जुना वाडा उतरवतायत असं कानावर आलं की त्याचे भाग आपल्या फ्लॅटवर आणायला आधी टेम्पो ठरवा. मोजमापं, फोटो, नकाशा हे सगळं नंतर. नंतर म्हणजे कधीच नाही, कारण तोवर जेसीबी येऊन गेलेला असतो.

काही विक्षिप्त लोक वाडा बांधला त्याच्या उलट क्रमाने उतरवतात. आधी कौलं, मग वासे, तक्तपोशी म्हणजे फळ्यांचं छत, तुळया आणि शेवटी खांब. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच आकडा घालून पत्र्याचा बिल्ला ठोकतात. लाकडी खुंट्या उलट्या ठोकून काढतात आणि पिशवीत भरून ठेवतात. तुम्ही यातलं काही करू नका. आकडे असले तर कुणी तरी वाडा पुन्हा उभा करायला सांगेल. त्यापेक्षा कुसू, म्हणजे खाचेत अडकलेलं लाकडाचं टोक, करवतीने सरळ उडवा. सगळी अक्कल त्या सांध्यातच असते. तो गेला की उरतं नुसतं सागाचं लाकूड, घनफुटावर विकायला अगदी सुटसुटीत.

पेठेतून कोथरूडच्या फ्लॅटपर्यंतचा हा प्रवास पूर्वी उलट्या दिशेने झालाय. जुन्या वस्तूंचे संग्राहक दिनकर केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग पेठेत आणून आपल्या संग्रहालयात नीट जुळवून उभे केले. आपण पेठेतले भाग कोथरूडला नेऊन त्यांवर टीव्ही ठेवतो. हिशेब बरोबर झाला.

खरेदीला गेल्यावर फार चौकशी करू नये. विक्रेत्याकडचा प्रत्येक खांब कुठल्या तरी सरदाराच्या वाड्यातला असतो आणि १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरातून वाचलेला असतो. त्यावर गोल करवतीचे एकसारखे कमानदार ओरखडे दिसले, किंवा फुलीच्या डोक्याचे स्क्रू दिसले, तर मान दुसरीकडे वळवा. लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचून बघू नका. सहज आत गेला तर वाळवी निघेल आणि मूड जाईल. शंभर वर्षांहून जुन्या इमारतीतून सुटा केलेला भागसुद्धा १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू ठरतो आणि तसल्या वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. तोही विचारू नका, चहा गार होतो.

आता दार. पेठेतली जुनी दारं बुटकी, साडेपाच फुटांच्या आसपास आणि दोन फळ्यांची. पुष्कळ दारांना बिजागरी नसतेच. फळीच्या एका कडेला वर-खाली खुंटी असते आणि ती उंबरठ्यातल्या नि चौकटीच्या वरच्या लाकडातल्या भोकात फिरते. दार शाबूत हवं असेल तर आधी वरचं लाकूड सोडवावं लागतं. एवढा वेळ कुणाला आहे? पहार घालून खुंटी मोडा. घरी आणून चार इंची दोनच बिजागऱ्यांवर टांगा. दोन इंच जाडीची फळी पंचवीस-तीस किलोंची असते, त्यामुळे लवकरच ती खाली लोंबून फरशीवर सुंदर चंद्रकोर काढते. तरी चौकट तेवढी स्वयंपाकघराच्या दाराला बसवून टाका. चौकटीसोबत येणारा जुना उंबरठा चार इंच उंच असतो. फरशी पुसणारा यंत्रमानव त्याच्यापाशी येऊन विचारात पडतो, तेही बघण्यासारखं असतं.

फळ्यांवर निळा, हिरवा, चॉकलेटी असे ऑइलपेंटचे थर असतात. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. म्हणून भित्री माणसं रंग ओला करून पत्रीने खरवडतात, मास्क लावतात, पोरांना लांब ठेवतात. तुम्ही हॉलमध्येच ग्राइंडर चालवा, पंखा पाचवर ठेवून. डोकी तुटून आत राहिलेले चौकोनी घडीव खिळे लोहचुंबक फिरवला तर सापडतात. न फिरवता दार थेट प्लेनरखाली घातलं तर पातंच ते शोधून देतं. शेवटी जवसाचं तेल चोळा आणि चिंध्यांचा बोळा करून पलंगाखाली सारा. तेल सुकताना तापतं आणि गुंडाळलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. आमच्या मते त्या बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवणं किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवणं हा निव्वळ भित्रेपणा.

खांबाला मात्र गणित लागतं. आठ फूट लांब, नऊ इंच चौरस म्हणजे साडेचार घनफूट, म्हणजे ऐंशी किलोंच्या आसपास. लिफ्टची उंची सात फूट, त्यामुळे तो तिरका घातला तरी दार लागत नाही. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर हमाल तुमच्याकडे बघतील तेव्हा तुम्ही फोन आल्यासारखं करा. खांबाखालचा तळखडा, म्हणजे दगडी बैठक, विसरू नका. त्याने लाकडाला ओल लागू दिली नाही, म्हणूनच खांब इतकी वर्षं टिकला. आता त्याच्यावर कुंडी ठेवा, आणि खांब थेट बाल्कनीच्या फरशीवर उभा करा, पावसाचं पाणी साचतं तिथेच.

जोत्याचे घडीव दगडही आणा. दोन फूट बाय एक बाय एकचा काळा दगड दीडशे किलोंच्या वर जातो आणि घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला दोनशे किलोंचा भार धरलेला असतो. सात-आठ दगड एका कोपऱ्यात रचा, खालच्यांना कळवायची गरज नाही.

विटांचं सोपं आहे. चुन्यातली वीट हातोडीच्या मागच्या बाजूने टकटक केलं की स्वच्छ सुटते. ती हॉलच्या भिंतीवर सिमेंटात बसवा आणि वरून चकचकीत सीलर मारा. सिमेंट विटेपेक्षा कडक, त्यामुळे ओल सांध्यातून जात नाही, विटेतून वाट काढते, आणि सीलरमुळे तीही बंद. मग पोपडे सुटतात. त्यालाच इंटिरियरवाले ‘रस्टिक’ म्हणतात आणि वेगळे पैसे घेतात.

पाहुण्यांनी कुठल्या वाड्याचं म्हणून विचारलं तर ‘पेठेतला’ म्हणा. खोदून विचारलं तर चहा आणायला उठा. जाताना तेवढं वाकून जा, चौकट साडेपाच फुटांची आहे.