आधी कान, मग टॉर्च

‘रात्री डबक्याकाठी टॉर्च मारा, बेडूक दिसतीलच’ हे पावसाळ्यात बेडूक बघण्यावरच्या एका लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. आंबोली टोडसाठी (आंबोलीच्या नावाने ओळखला जाणारा भेक) ठीक. तो पहिल्या पावसात सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, उथळ डबक्यांत अंडी घालतो. पण बुश फ्रॉगना, म्हणजे झुडपांत राहणाऱ्या चिमुकल्या बेडकांना, डबकं लागतच नाही. त्यांच्या अंड्यातून टॅडपोल नाही, थेट इवलासा बेडूकच बाहेर पडतो. त्यांना शोधायचं तर पानांत, झुडपांत.

आणि तेही आधी कानांनी. गेल्या जुलैत आंबोलीत ढग इतका खाली उतरला होता की टॉर्चचा उजेड समोर पांढरी भिंत होऊन उभा राहायचा, चष्मा तर निव्वळ ओझं. अर्धा तास कारवीत त्यांची टकटक ऐकत नुसते भिजलो. मग आमच्यातल्या जाणत्याने दिवे बंद करायला लावले. दोघं चार-पाच पावलांवर उभे राहिलो, आवाज आला त्या दिशेला दोघांनी एकदम टॉर्च धरला. झोत जिथे एकमेकांना छेदले तिथेच पानाच्या देठापाशी स्वारी बसलेली, अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी, गळ्याचा फुगा फुगवून! तीनदा तिथूनच गेलो होतो. (हाताला डास पळवायचं मलम असेल तर कृपया उचलू नका, त्यांची कातडी सगळं शोषून घेते.)