कपॅसिटर बदलला, पण तो गेला कशाने?

दर उन्हाळ्यात एसीचा कपॅसिटर (कॉम्प्रेसर सुरू व्हायला आणि चालायला मदत करणारा छोटा भाग) जाणं नागपुरात साहजिकच, असं एका लेखात म्हटलंय. नाही पटलं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, पारा ४५च्या वर जातो, गच्चीवरचं आउटडोअर युनिट तापतं, मान्य. पण चांगला कपॅसिटर ७० ते ८५ अंशांसाठीच बनवलेला असतो. तो पुन्हापुन्हा जात असेल तर मेकॅनिकला कॉम्प्रेसर चालू असताना टर्मिनलवर व्होल्टेज मोजायला सांगा. बंद असताना २३० आणि सुरू होताच १९०च्या खाली? मग घराच्या वीजमीटरजवळही मोजा. तिथे ठीक असेल तर घरातली वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. पिवळा पडलेला प्लग ही त्याचीच खूण. क्लॅम्प मीटरवरचा (वायरीभोवती लावून करंट मोजतात तो) करंट युनिटवरच्या पाटीवरील आकड्याशी ताडून बघा. जास्त असेल तर आधी आउटडोअर युनिटची कॉइल (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) धुवा, फॅन मोटर जड फिरते का पाहा.

आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो म्हणून मोठा एमसीबी टाकून देणारे महाभाग आमच्या मानेवाड्यात कमी नाहीत! वायर तीच राहते, ती जळेपर्यंत काही कळत नाही.

तपासणी भर दुपारी करवा. सकाळी आठला सगळं ठणठणीतच दिसतं.