मालाशिवाय हमाली

सप्टेंबर २०२५ मधल्या एका गुरुवारी सदाशिव पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, सीएच्या हापिसातल्या मुलीनं मान वर न करता मला विचारलं, “सर, तुमच्या धंद्याचं नाव काय टाकू?”

मला धंदा नाही. एकोणीस वर्षं मी इमानेइतबारे नोकरी करतोय. कर पगारातून परस्पर कापला जातो आणि आता त्याबद्दल हळहळायचंही मी विसरलोय. पण २०२४-२५ मध्ये मी हौसेनं शेअर बाजारातल्या ऑप्शन्समध्ये हात घातला आणि तो कोपरापर्यंत भाजला. आयकर खात्याच्या लेखी हा तोटा नुसता तोटा नसतो, तो धंद्यातला तोटा असतो. म्हणून नेहमीचा सुटसुटीत फॉर्म बाद, धंदेवाल्यांचा आयटीआर-३ भरा, आणि सीएची फी दीड हजारावरून सहा हजार. तोटा झाला की फी वाढते अशी दुसरी एकच जागा मला माहीत आहे : नापास झालेल्या मुलाची शिकवणी.

“नाव नाही,” मी म्हणालो.

“काहीतरी टाकावं लागेल, सर.”

“अहो, पितृपक्षात धंद्याचं बारसं करताय का?” शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. “सर्वपित्री होऊ द्या की.”

मुदत पंधरा सप्टेंबरला संपत होती आणि सर्वपित्री एकवीसला, हे मी त्यांना सांगायला नको होतं. कारण उत्तर दिलं की ओळख होते.

काका मार्केट यार्डातले. गूळ-भुसार विभागात त्यांचा गाळा आहे, आजोबांपासून गुळाची आडत. पांढरा लेंगा-सदरा, टोपी, मांडीवर रेक्झिनची पिशवी. त्यांचं काम सकाळीच आटोपलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या हापिसात चालणारा एकच पंखा त्यांच्या डोक्यावर होता, म्हणून ते बसले होते.

“धंदा कसला म्हणायचा, मालक?”

मालक! एकोणीस वर्षांत मला कुणी मालक म्हटलं नव्हतं. रिक्षावाल्यानंसुद्धा नाही.

“ऑप्शन्स.”

“म्हंजे माल काय?”

“माल नसतो, काका.”

“ऑर्डर आली की मागवता?”

“नाही, मागवतच नाही. निफ्टी म्हणून एक आकडा असतो. तो वर जाईल की खाली यावर आपण...”

“आकडा!” काका खुर्चीत सावरून बसले. बराच वेळ हुलकावणी देणारं नाव आठवावं तसा त्यांचा चेहरा उजळला. “आकडा म्हणा की मग! आमचे चुलते लावायचे. न्यूयॉर्कच्या कापसाचा भाव तारेनं मुंबईला यायचा, त्याच्यावर. त्यातनंच पुढं मटका निघाला. तुम्ही मुंबईतल्याच भावावर लावता. म्हंजे तेवढी तार वाचली.”

समोरच्या बाकावरचे दोघं हसले. फाइल घेऊन आत जाणारा शिपाई जाता जाता थांबला. मी जरा ताठ होऊन सांगितलं की हा मटका नाही, याला सेबीची, म्हणजे बाजारावरच्या सरकारी नियामकाची, देखरेख असते, राष्ट्रीय शेअर बाजारात हे व्यवहार होतात, आणि मुळात ऑप्शन हा किंमत उतरण्याच्या धोक्यापासून बचाव करण्यासाठी असतो, विम्यासारखा.

“तुमच्याकडं काय होतं उतरण्यासारखं?”

“काही नव्हतं.”

“मग विमा कशाचा काढला?”

या प्रश्नावर मी वर्षभर काही ना काही वाचतोय. उत्तर सापडलेलं नाही.

काका मात्र रंगात आले होते. कॉल म्हणजे तेजी आणि पुट म्हणजे मंदी हे मी सांगायच्या आधीच त्यांनी मला सांगितलं. त्यांच्या आजोबांच्या वेळी तेजी-मंदी असंच म्हणत, त्याच नावानं लावत आणि त्याच नावानं बुडत. १९५२ च्या वायदे कायद्यानं मालावरच्या तेजी-मंदीला बंदी घातली. पुढं सरकारचं मन पालटलं आणि ४ जून २००१ ला राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टीचे ऑप्शन्स सुरू झाले, तेही कसलाच माल नसलेले. ही तारीख मला पाठ आहे, कारण बरोबर तेवीस वर्षांनी, ४ जून २०२४ ला, लोकसभेचा निकाल लागला. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर बाजार सव्वातीन टक्के उसळला होता आणि त्या उसळीत मी कॉल घेऊन बसलो होतो. निकालाच्या दिवशी निफ्टी जवळपास चौदाशे अंकांनी आपटला. मी कार्यालयात मीटिंगमध्ये होतो आणि मोबाईल टेबलाखाली धरला होता. ‘तुम्हाला बरं वाटत नाहीये का?’ असं साहेबांनी विचारलं, आणि मी ‘निवडणूक आहे ना’ असं उत्तर दिलं. तेव्हापासून मी राजकारणात फार गुंतलेला माणूस म्हणून तिथं प्रसिद्ध आहे.

“आणि आकडा जागेवरच राहिला तर?” काकांनी विचारलं. “वर न्हाई, खाली न्हाई?”

“तरी घेणाऱ्याचे पैसे कमी होत जातात. रोज थोडे थोडे. मुदतीच्या दिवशी तर तासातासाला. त्याला थीटा म्हणतात.”

“पावसाळ्यातला गूळ,” काका म्हणाले. “ठेवला की पाझरतो.”

थीटा समजून घ्यायला मी चार हजार नऊशे नव्व्याण्णव रुपयांचा ऑनलाइन वर्ग लावला होता. त्यात गुळाचा उल्लेख नव्हता. शिकवणारा मुलगा भाड्याच्या लाल गाडीला टेकून बोलायचा. गाडी भाड्याची होती हे तिच्या काळ्या-पिवळ्या नंबरप्लेटवरून कळत होतं, आणि तरीही मी पैसे भरले, ही माझी आजवरची सर्वांत महाग निरीक्षणशक्ती.

“मग हा पाझरलेला रस कुणाच्या भांड्यात पडतो?”

“विकणाऱ्याच्या.”

“तुम्ही विकणारे का न्हाई झालात?”

“विकायला लाखभर रुपये तारण ठेवावं लागतं.”

“म्हंजे गरिबानं घ्यायचा आणि श्रीमंतानं विकायचा,” काका म्हणाले आणि पिशवीतून तंबाखूची डबी काढली. हे वाक्य त्यांनी चळवळीतल्या माणसासारखं नव्हे, बाजारभाव सांगावा तसं म्हटलं. मला ते जास्त लागलं.

तेवढ्यात मुलीनं आकडे वाचायला सुरुवात केली. ती मोठ्यानं वाचते. “सर, तुमची उलाढाल अकरा लाख दहा हजार.”

बाकावरचे दोघं सरळ बसले. काकांनीही टोपी नीट केली.

इथं थोडं सांगणं भाग आहे. ऑप्शन्समधली उलाढाल काढताना नफा आणि तोटा यांची वजाबाकी करत नाहीत, बेरीज करतात. माझे नफ्याचे सौदे ४ लाख ८६ हजारांचे आणि तोट्याचे ६ लाख २४ हजारांचे. हाती आलं काय तर १ लाख ३८ हजारांचं भगदाड, पण कागदावर उलाढाल ११ लाख १० हजार. माणूस जितका जास्त बुडतो तितका मोठा व्यापारी दिसतो. हा कागद घरी चुकून टेबलावर राहिला होता तेव्हा बायकोनं तो वाचून फक्त, “कुठे आहेत?” असं विचारलं. तिला मी सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास दाखवला : तीन वर्षांत एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, दर माणशी सरासरी सुमारे २ लाख, म्हणजे मी सरासरीपेक्षा बरा. तिनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, “ही सरासरी तीन वर्षांची आहे. तू एकाच वर्षात इथवर आलास.”

“आणि खर्च सत्तावीस हजार सहाशे,” मुलगी पुढं वाचत होती. “ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी, स्टॅम्प ड्यूटी, एक्स्चेंजचे चार्जेस.”

“थांबा,” काका म्हणाले.

ती खरंच थांबली. माझ्यासाठी ती एकदाही थांबली नव्हती.

“हे काय म्हणालात? आडत, हमाली, तोलाई?”

“तसंच काहीसं,” मी म्हणालो. “दर ऑर्डरला वीस रुपये ब्रोकरचे, त्यावर अठरा टक्के जीएसटी. विकताना सरकारचा एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर, तो गेल्या ऑक्टोबरात वाढवला...”

“माल न्हाई ना पण?”

“नाही.”

“पोतं उचललं कुणी?”

“कुणीच नाही.”

“काट्यावर घातलं?”

“नाही.”

“मग हमाली कशाची, मालक?” काकांचा आवाज चढला. त्यांना मनापासून राग आला होता आणि तो माझ्या बाजूनं होता, हे त्या दिवसातलं एकमेव सुख. “आमच्याकडं तीस किलोचा गुळाचा रवा हमाल पाठीवर घेतो, ट्रकातनं गाळ्यात टाकतो, तेव्हा हमाली लागते. तरी शेतकरी पट्टी बघून शिव्या घालतो. तुमचं कुणी काय उचललं न्हाई, मोजलं न्हाई, आणि सत्तावीस हजार? तुम्ही भांडला न्हाईत?”

कुणाशी भांडणार? ॲप उघडलं की रोज सकाळी एक चौकट येते : दहापैकी नऊ जणांना तोटा होतो. खाली बटण, ‘समजलं’. मी रोज ‘समजलं’ दाबायचो. जिन्यावर ‘पायरी निसरडी आहे’ अशी पाटी लावायची, पायरी तशीच ठेवायची आणि पडणाऱ्याकडून दर पायरीला वीस रुपये घ्यायचे, असा तो कारभार. मी पडलो ही माझीच चूक, मान्य. पण पडण्यावर जीएसटी?

“बरं, ही रक्कम पगारातनं तरी वजा होते का?” काका आता माझे वकील झाले होते.

“नाही,” मुलगी म्हणाली. “पगारातून नाही होत. आठ वर्षं पुढं ओढता येईल. पुढं कधी धंद्यात नफा झाला तर त्यातून वजा.”

“म्हंजे आधी नफा करा, मग आम्ही तोटा मानतो.” काकांनी चिमूट सोडली. “आठ वर्षं! आमच्यात उधारीसुद्धा एवढी चालत न्हाई.”

मग पोकर निघालं. निघायला नको होतं, पण ते खात्याच्या विवरणात दिसतच होतं. रात्री झोप येत नसे तेव्हा मी ॲपवर पोकर खेळायचो. दोन पानं हातात, पाच टेबलावर. दोन एक्के एकदम हातात यायची शक्यता २२१ डावांत एकदा. मला ते आले त्या रात्री समोर कुणीतरी सत्ती-दुर्री घेऊन बसला होता आणि टेबलावर दोन दुर्र्या पडल्या; तीन दुर्र्यांपुढं दोन एक्के हरतात. अशा पावणेनऊ महिन्यांच्या तपश्चर्येतून मी ४ हजार २०० रुपये जिंकलो. वर्षाअखेर हाती उरलेला हा माझा एकमेव नफा.

“त्यावर तीस टक्के,” मुलगी म्हणाली. “सपाट. वर उपकर. आणि सर, यातून तुमचा तोटा वजा नाही होणार.”

पैसे भरतानाच अठ्ठावीस टक्के जीएसटी लागलेला असायचा, तो वेगळाच. आणि आता ते ॲपही गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि एका संध्याकाळी माझे उरलेले ६४० रुपये न मागता खात्यात परत आले. पत्ते जुगार ठरले. आकडा मात्र धंदा आहे, त्याला आयटीआर-३ आहे. मला दोन्हीतलं एकही धड जमलं नाही, त्यामुळे मत द्यायचा अधिकार नाही, पण ते ६४० रुपये परत येताना मला जेवढं वाईट वाटलं तेवढं ४ जूनलाही वाटलं नव्हतं.

“पत्त्यांना समोर माणूस लागतो,” काका एवढंच म्हणाले. “फोनवर कुणाचा चेहरा बघणार?”

या सगळ्यात माझ्या पिशवीतून एक बारीक फुसफुस येत होती, तिकडं माझं दुर्लक्ष झालं. माझा तिसरा छंद. खरं तर मला बिअर करायची होती. मॉल्ट, हॉप्स, यीस्ट, सगळं वाचून झालं होतं. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे, आणि आयकर खात्यापाठोपाठ आणखी एक खातं अंगावर घ्यायची माझी ताकद नव्हती. म्हणून आल्याची बिअर. आलं, गूळ, लिंबू, पाणी, आणि हवेतलं जे काय आपणहून येईल ते. दोन दिवसांत फ्रिजमध्ये टाकली तर सरबतच. जास्त ठेवली तर काय होतं हे मोजणारी काचेची नळी मिळते, ती मी मुद्दामच घेतलेली नाही. एप्रिलमध्ये माळ्यावर तीन काचेच्या बाटल्या पहाटे दोन वाजता एकामागोमाग फुटल्या आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार टॉर्च घेऊन जिन्यात आले. तेव्हापासून मी प्लॅस्टिकच्या बाटल्या वापरतो. त्यातली एक, फी कमी होईल या आशेनं, सीएसाठी आणली होती.

“पिशवीत काय आहे?” काका म्हणाले. “श्वास घेतंय.”

बाटली दगडासारखी घट्ट झाली होती. मी झाकण जरासं सैल केलं. पुढचं सगळं झाकणानंच केलं. अर्धी बाटली माझ्या शर्टावर, थोडी उलाढालीच्या कागदावर, थोडी मुलीच्या कळफलकावर. हापिसभर आल्याचा वास सुटला. आत सीएनं दार किलकिलं केलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा लावून घेतलं.

उरलेली काकांनी चहाच्या कपात ओतून घेतली. डोळे मिटून एक घोट घेतला, तोंडात फिरवला.

“गूळ कुठला घेता?”

“कोपऱ्यावरच्या दुकानातला. छान पिवळाधमक असतो.”

“हायड्रोस पावडर घालून उजळवलेला आहे. चांगला गूळ काळपट असतो, मालक.” त्यांनी दुसरा घोट घेतला. “पण माल आहे. हातात धरता येतो. एक बाटली केवढ्याला पडते?”

मी हिशेब सांगितला. आलं, लिंबं, गूळ, गॅस, धरून अडतीस रुपये.

“बाजारात कोण देईल अडतीस? हिच्यातपण तोटाच आहे तुमचा.” काका उठले, टोपी सारखी केली, कनवटीतून दहाचं नाणं काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. “कपाचे. फुकट पिऊ नये पितृपक्षात.”

आणि ते जिना उतरून गेले. पंखा मोकळा झाला, तिथं बाकावरचा एक जण लगेच जाऊन बसला.

मी नाणं उचलणार एवढ्यात मुलीनं ओला कळफलक पुसता पुसता ते पाहिलं.

“सर, हे रोख आलं ना? या वर्षी नका दाखवू. पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये येईल.” मग ती पडद्याकडं वळली. “आणि धंद्याचं नाव?”