ट्यूबला रामराम

ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराचा रस्ता फार सुंदर आहे, फक्त तो चढावा लागतो. आणि उतरताना माझी सायकल दर दोन-तीन रविवारी काहीतरी टोचून घेऊन येते. कधी काटा, कधी बाटलीची काच, एकदा तर चक्क स्टेपलरची पिन. त्या पिनेच्या दिवशी उपवन तलावाच्या कठड्यावर बसून ट्यूबला ठिगळ लावताना मी ठरवलं, आता ट्यूबच नको. भोक पडणारी वस्तूच काढून टाकली की भोक पडेल कशाला?

ट्यूबलेसमध्ये टायर थेट रिमला घट्ट बसतो आणि आत सीलंट नावाचं पांढरं, दुधासारखं रसायन असतं. काटा घुसला की हवेबरोबर ते भोकाकडे धावतं आणि तिथेच सुकून बूच होतं. माझ्या रिमा मात्र साध्या. दुकानदाराने नवी चाकंच घ्यायला सांगितली आणि किंमतही सांगितली. ती ऐकल्यावर मला माझ्या रिमा अचानक फार मजबूत वाटू लागल्या. टायर तेवढे ट्यूबलेसचेच घेतले. साध्या टायरची कड हवेच्या दाबाने ताणली जाते आणि टायर रिमवरून उडू शकतो, एवढी अक्कल होती.

"हे हॉलमध्येच करायचं का?" बायकोने विचारलं.
"बाल्कनीत ऊन आहे."
"मग खाली पार्किंगमध्ये कर."
"तिथे लोक बघतात."

स्पिरिटने रिम पुसून स्पोकच्या भोकांवर खास टेप ताणून लावायची होती, दोन फेरे, एकही फुगा न ठेवता. पहिल्या खेपेला फुगे आले. दुसऱ्या खेपेला टेप पोटरीच्या केसांना चिकटली. तिसऱ्या खेपेला जमली. मग व्हॉल्व्हसाठी दाभणाने बारीक भोक पाडलं. सीलंट प्रत्येक चाकात शंभर एमएल. मोजायला मुलीच्या खोकल्याच्या औषधाचं टोपण घेतलं, दहा एमएलचं. सातवं टोपण ओतताना ती विचारायला आली, "बाबा, सायकलला खोकला झालाय का?" तिला उत्तर देण्याच्या नादात आकडा विसरलो. सात की आठ? एक जास्तीचं ओतलं, त्यातलं निम्मं सोफ्यावर.

मग पंप. दीडशे वेळा मारला. टायर जागचा हलेना, हवा चारी बाजूंनी निघून जात होती. साबणाचं पाणी लावलं तर चाकाला सगळीकडून फेस. कडा रिमला टेकायला एकदम जोराची हवा लागते, ती माझ्या दंडात नव्हती.

शेवटी दोन्ही चाकं रिक्षात घालून घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरच्या पंक्चरवाल्या काकांकडे नेली. काकांनी टायरची कड जरा बाजूला सारली आणि आतून रिमवर बोट फिरवलं. "साहेब, ही रिम ट्यूबलेसची नाही. कड धरून ठेवायला आत उंचवटाच नाही."
"चालवून घ्या ना."
"चालेल. हवा कमी ठेवायची. आणि आता तोंड लांब ठेवा."

त्यांनी व्हॉल्व्हमधली पिन काढली आणि कंप्रेसर सोडला. फट्! आणि लगेच दुसरं फट्! दोन्ही कडा बसल्या. दुकानाखाली झोपलेलं कुत्रं उठून थेट पलीकडच्या फुटपाथवर गेलं. मी आनंदाने वाकून बघायला गेलो आणि त्याच क्षणी काकांनी नळी काढली. व्हॉल्व्ह खालच्या बाजूला होता. अमोनियाच्या वासाचं ते दूध सरळ माझ्या मिशीवर.

"सांगितलं होतं," काका म्हणाले.

व्हॉल्व्ह वर करून पिन परत बसवली, हवा भरली. हवेच्या दाबाचा काटा चाळीस पीएसआयवर आला तसा मी ओरडलो, "बास!" साध्या रिमवर याहून जास्त दाब म्हणजे टायर कधी सटकेल याचा नेम नाही. काका खट्टू झाले. "ट्रकला शंभरच्या वर घालतो मी." दुसऱ्या चाकाला मी आपणहून कुत्र्याशेजारी जाऊन उभा राहिलो.

रविवारी तीस पीएसआयवर येऊरला गेलो. पिशवीत पंप, टायर उचकायची लिव्हर आणि हो, एक ट्यूब. सीलंट उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत आटतं, आणि टायर मोठा फाटला तर त्याचा काही उपयोग नसतो. चढावर फुस्स झालं. काटाच होता. तो उपसला, भोक खाली येईल असं चाक फिरवलं. पांढरा थेंब आला, बुडबुडला, थांबला. मी लगेच घरी फोन लावला.

"पंक्चर झालं!"
"मग एवढा खूश का आहेस?"
"आपोआप बुजलं!"
"बरं. आणि सोफ्यावरचा डाग? तोही आपोआप जाणार आहे का?"