आण्णांची पुराची वही

कागद भिजला की फुगतो, हे प्रेसवाल्याला शिकवायला लागत नाही. पण किती फुगतो ते मला २०१९च्या ऑगस्टमध्ये कळलं. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या प्रेसमधलं पुराचं पाणी उतरलं, शटर अर्ध्यावरच अडकलं म्हणून खालून सरपटत आत गेलो, तर मागच्या खोलीचं दार उघडेना. आत रचलेल्या कागदाच्या रिमांनी पाणी पिऊन पिऊन दाराला आतून रेटा दिला होता. शेवटी पहार लावून दारच काढलं. लोखंडी रॅकचे खांब बाहेरच्या अंगाला वाकलेले. मंडळांची पावती पुस्तकं, गणपती तोंडावर आले म्हणून जुलैअखेर छापून, नंबर मारून, गठ्ठे बांधून ठेवलेली. त्या सगळ्यांची मिळून एक भलीमोठी वीट झाली होती. वरच्या पुस्तकावरचा गणपती तेवढा ओळखू येत होता.

आम्ही गाफील होतो असं नाही. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, २००५च्या पुराची खूण भिंतीवर ऑइलपेंटनं मारून ठेवली होती. त्या खुणेच्या वर दीड फूट माल ठेवला की झालं, असा आमचा हिशेब. शाहूपुरीतल्या निम्म्या दुकानदारांचा तोच हिशेब होता. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे कोल्हापुरात शाळेतलं पोरगंही सांगतं. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर, जिथं नदीची पातळी मोजतात, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आण्णांची खूण कधी बुडाली ते बघायलाही कोण नव्हतं.

विम्याचं विचाराल तर, पॉलिसी होती. आग होती, चोरी होती. पूर नव्हता. सही करताना मी वाचलं नव्हतं. ज्या माणसाचा धंदाच छापील कागदाचा, त्यानं छापील कागद वाचला नाही. यावर मी आता हसू शकतो, तेव्हा दोन महिने झोप नव्हती.

हे सगळं आज का उगाळतोय, तर चार दिवसांपूर्वी नात्यातल्या एका पोराची नोकरी गेली. त्याला आमच्याच घरातल्या मोठ्या माणसानं माझ्यासमोर सांगितलं, "अरे, लोकांना दोन वेळचं मिळत नाही, तुझं काय त्यात? आहे त्याचं समाधान मान." पोरगं मान खाली घालून "हो काका" म्हणालं. मला त्याचं ते "हो काका" लई ओळखीचं वाटलं.

कारण मीही तसंच "हो" म्हटलं होतं. पाणी उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात एका पाहुण्याचा फोन आला. म्हणाले, "तिकडं सांगलीजवळ ब्रह्मनाळमध्ये पुरात बोट उलटली, माणसं गेली. तुझा कागदच गेला ना? देवाचे आभार मान." मी गुडघाभर गाळात उभा, एका हातात फावडं, दुसऱ्या हातात फोन. बोलणं खोटं नव्हतं, तीच तर अडचण. ब्रह्मनाळचं ऐकून आमच्या घरात त्या रात्री कुणी नीट जेवलं नव्हतं. पण त्या माणसांचं मरण माझ्या दुःखाचं औषध म्हणून कुणीतरी मला चमच्यानं पाजतंय, हे मला सहन होईना. त्यांच्या मरणाचीही किंमत गेली आणि माझ्या नुकसानीचीही.

याच्यापुढची गंमत सांगतो. आमच्या प्रेसच्या मागच्या बाजूला कुंभारांची घरं. त्यातल्या एकाचं वर्षाचं काम पाण्यात गेलं. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती, म्हणजे मूर्ती रंगायला घेतलेल्या. शाडूच्या होत्या त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको, पाणी उतरल्यावर खोलीत नुसत्या लाकडी पाटांच्या रांगा राहिल्या होत्या, आणि पाटांवर मातीचा लगदा. मी रात्री घरी येऊन बायकोला म्हणालो, "आपलं बरं म्हणायचं गं. त्या कुंभाराकडं बघवत नाही." एवढं बोलून मला खरंच जरा हलकं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांनी त्याच्याच ओट्यावर चहा पिताना विषय निघाला. तो म्हणाला, "खरं सांगू का? मी तवा बायकोला म्हणालो, आपली माती हाय, परत मळू. त्या प्रेसवाल्याच्या मशीनवर कर्ज हाय, त्याचं कसं व्हायाचं?"

दोघं जण ओट्यावर हसत बसलो. तो माझ्याकडं बघून झोपत होता, मी त्याच्याकडं बघून. आपल्यापेक्षा वाईट कोणाचं चाललंय हे शोधत बसलं की प्रत्येकाला कोणीतरी सापडतंच. पण त्यानं माझा एक रीमही सुका झाला नाही आणि त्याची एक मूर्तीही उभी राहिली नाही.

मानसशास्त्राचा माझा काही अभ्यास नाही, पण एक प्रयोग वाचला तो डोक्यातून जात नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या दोघांनी तो २००३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटानं रोज ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं ते लिहायचं, दुसऱ्यानं रोजची कटकट लिहायची. आणि तिसरा गट होता, त्यानं आपण इतरांपेक्षा कुठल्या बाबतीत बरे आहोत ते लिहायचं. म्हणजे आमचे पाहुणे, मी आणि कुंभार, तिघंही त्या तिसऱ्या गटात! निष्कर्षातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. कृतज्ञता लिहिणाऱ्या गटातल्या पोरांनी त्या दिवसांत दुसऱ्याच्या अडचणीत मदत केली, कुणाला धीर दिला, असं बाकीच्या दोन गटांपेक्षा जास्त वेळा सांगितलं. आपण "आहे त्यात समाधान" आणि "कृतज्ञता" हे एकाच मापानं मोजतो. त्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे आमच्या आण्णांना अमेरिकेला न जाता माहीत होतं.

आण्णांचं शिक्षण सातवीपर्यंत. कंपोझिंगचे खिळे जुळवत जुळवत प्रेसचे मालक झाले. त्यांना रोजमेळ लिहायची सवय, जमा आणि नावे. पूर आला त्या आठवड्यात प्रेसमधल्या सगळ्या वह्या गेल्या, पण घर राजारामपुरीत, उंचावर, तिथं आमच्याच बायंडिंगची एक कोरी लाल वही होती. आण्णांनी ती घेतली आणि लिहायला लागले. मला वाटलं नुकसानीची यादी करत असतील, पंचनाम्याला लागेल. मी कधी उघडून बघितली नाही. दिवाळीच्या आसपास कपाटात हाताला लागली.

सगळी पानं जमेची होती. आजही समोर आहे, त्यातलं थोडं उतरवतो.

"बोअरचे पाणी, बॅरल ४. शेजारचे लॉजवाले." हे पाणी मशीन धुवायला. त्या दिवसांत शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडीची उपसा केंद्रं पाण्याखाली होती, गावात चहूकडं पाणी आणि नळ कोरडे. चार बॅरल म्हणजे काय, ते त्या आठवड्यात इथं असलेल्यालाच कळेल.

"खराटे २, घमेले १. परत करणे." पुढं वेगळ्या शाईत "घमेले परत. खराटे झिजले, नवे दिले."

"मंडळाची पोरं ९ जण. पावती पुस्तकं न्यायला आली ती गाळ काढून गेली. ॲडव्हान्स परत घेतला नाही." ही पोरं मला आठवतात. आली तेव्हा त्यांचा अवतार भांडायचा होता, पुस्तकं नाहीत म्हटल्यावर आवाज चढला, मग आत डोकावले. दहा मिनिटांत पँटी वर खोचल्या.

"कुंभार. चहा, रोज दोन वेळ, दिवस ११."

आणि एक नोंद, जिच्यापाशी मी बराच वेळ थांबलो. "कागदवाले. फोन केला. पैशाचा विषय काढला नाही." आम्ही त्यांचं तीन महिन्यांचं देणं होतो. माणसानं जे केलं नाही तेही आण्णांनी जमा धरलं होतं. रकमेच्या रकान्यात आडवी रेघ.

मी त्यांना विचारलं, "आण्णा, नुकसान कुठं लिवलंय?" तर म्हणाले, "ते कशाला लिवायचं? ते काय इसरतंय व्हय? इसरतंय ते लिवाय पायजे."

मला तेव्हा ते म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं. आता वाटतं, माझ्या बघण्यात जो काही फरक पडला तो या वाक्यामुळं. माझ्यावर आलं ते आलंच, त्याला लहान करायची गरज नाही. गाळ गाळच होता, त्याचा वास अजून पावसाळ्यात भिंतीतून येतो. पण त्याच गाळात नऊ पोरांचे पाय होते, हे मी तीन महिन्यांत विसरलो होतो. डोक्यात फक्त पॉलिसी आणि हप्ते शिल्लक होते.

इथं एक भांडण मला आधीच मिटवायचंय, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी म्हणेल की आभार माना आणि गप्प बसा असं सांगतोय. अजिबात नाही. पूररेषेत इमारती कशा उठतात, जयंती नाल्याचा गळा कोणी आवळला, हे विचारायचंच. आण्णा स्वतः दोनदा महापालिकेत अर्ज घेऊन गेले होते, त्याच्या पोचपावत्या त्याच वहीत टाचलेल्या आहेत. माणसांचे उपकार जमेला आणि अर्ज फाईलला. एकानं दुसरं फिटत नाही. आपल्याकडं तुकोबांचंही तेच केलंय बघा. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, सावकारी बुडाली. कुणाला समाधान शिकवायचं झालं की आपण त्यांना पुढं करतो, आणि विठ्ठलाशी कडाकडा भांडलेले तुकोबा सोयीनं मागं ठेवतो. भांडायला आधी तेवढं नातं लागतं, ते कोण बघतो.

२०२१च्या जुलैत पाणी परत आलं, या वेळी ५६ फुटांपर्यंत. तयारी बरी होती. मशीनची मोटर आधीच काढलेली, कागद वरच्या मजल्यावर, नवी पॉलिसी शब्दन् शब्द वाचलेली. तरी नुकसान झालंच. मी काही स्थितप्रज्ञ झालो नव्हतो, जिन्यात बसून रडलो. फरक एवढाच की पाणी उतरल्यावर आम्ही आधी आमचं शटर उघडलं नाही. आण्णांनी वही काढली, नावं वाचली, आणि लॉजवाल्यांकडं गाळ काढायला गेलो. मग कुंभाराकडं. आमच्या प्रेसला तिसऱ्या दिवशी हात लागला. माझा मुलगा वैतागला, "आपलं सोडून काय चाललंय?" आण्णा म्हणाले, "आपलंच चाललंय."

अजूनही राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याचा मेसेज आला की पोटात गोळा येतो. सातातले किती उघडले ते मोजतो. त्याच धरणाचं पाणी उन्हाळ्यात नदीला येतं, भोगावतीकाठचा ऊस त्यावर उभा असतो, तेव्हा मात्र मेसेज कुणी पाठवत नाही. ज्या शाहू महाराजांनी ते बांधायला घेतलं ते १९२२ साली गेले, पुरं झालेलं धरण त्यांनी बघितलंच नाही. आण्णांची वही त्यांच्या हातात असती तर काय लिहिलं असतं, असा एक येडा विचार येतो.

त्या नोकरी गेलेल्या पोराला मी काही शिकवलं नाही. काका गेल्यावर त्याला घेऊन गंगावेशीत गेलो, म्हशीचं धारोष्ण दूध पाजलं, आणि कितीचा हप्ता थकतोय ते विचारलं. तासभर तो शिव्या देत होता, मी ऐकत होतो. कधीतरी त्याची वही तो लिहील, नाही लिहिली तरी चालेल.

आण्णा मागच्या वर्षी गेले. वहीत बहुतेक नोंदींपुढं त्यांनी फेड लिहून ठेवलीय. कुणाच्या मुलीच्या लग्नपत्रिका, कुणाची बिलबुकं, कागदवाल्यांचं तर सगळं देणं व्याजासकट. एकच नोंद मोकळी आहे, पहिल्याच पानावरची. सोमवार, ५ ऑगस्ट २०१९, नागपंचमी. "रात्री साडेअकरा. पिवळा रेनकोट. ऑफसेटची मोटर एकट्याने जिन्याने वर नेली. नाव विचारायचे राहिले."

आम्ही दोघं तेव्हा प्लेटा आणि रोलर काढत होतो, कमरेपर्यंत पाणी, लाईट गेलेली. तो रस्त्यानं चालला होता, आमची बॅटरी बघून आत आला. वय असेल बावीस-तेवीस, डाव्या हातात कडं, बोलणं करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावचं वाटलं. मोटर वर ठेवली, "काका, तुमीबी निघा आता" म्हणाला आणि व्हीनस कॉर्नरच्या बाजूला गेला. तिकडं पाणी जास्त होतं.

पोस्ट शेअर करा. तो तुमच्या ओळखीतला असेल, किंवा तूच हे वाचत असशील, तर मेसेज कर. नाव लिहायचं राहिलंय.